तटावरची कबुली

"अहो, ती टोपी काढा की आता. ऊन कुठे उरलंय इथे?"

"असू दे. वाऱ्याने डोकं धरतं माझं," नवरा म्हणाला आणि त्याने टोपी आणखी खाली ओढली.

दोघं नुकतीच वेशीच्या दगडी कमानीतून जुन्या शहरात शिरली होती. एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला डोंगर, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत शेकडो वर्षांची घरं एकमेकांना खेटून उभी. आलेला प्रत्येक जण मान वर करून बघत होता. तिची मान मात्र खाली होती. हे शहर आपण पहिल्यांदाच बघतोय, असं तिला भासवायचं होतं, आणि ते काही केल्या जमत नव्हतं.

अकरा वर्षांपूर्वी ती इथे दोन दिवस राहून गेली होती. नवऱ्याबरोबर नव्हे.

ती एका वाचनालयात पुस्तकं बांधायची. सुटलेली पानं शिवायची, कुजके पुठ्ठे बदलायची. छापखान्यातला एक मुद्रितशोधक तिथे जुने शब्दकोश चाळायला यायचा. बोलायचा कमी, पण बोलला की ऐकत राहावंसं वाटायचं. नवऱ्याची नोकरी दुकानादुकानांतले वजनकाटे तपासायची. महिन्यातले पंधरा दिवस तो फिरतीवर. घरात मूलबाळ नाही. माणूस भिंतींशी तरी किती बोलणार? मावशीकडे जाते असं सांगून ती निघाली आणि मुद्रितशोधकाबरोबर इथे आली.

नेमका त्याच दिवशी नवरा तापाने फणफणलेला घरी परतला. स्वतःच भात टाकला, स्वतःच कपाळावर पट्ट्या ठेवल्या. ती आल्यावर त्याने एवढंच विचारलं, "मावशी बरी आहे ना?"

तो प्रश्न अकरा वर्षं तिच्या मनात रुतून बसला होता. मुद्रितशोधकाला ती पुन्हा कधी भेटली नाही. नवऱ्याने एकदा तरी आवाज चढवला असता, तर तिला हलकं वाटलं असतं. पण हा गडी मेणाहून मऊ. फिरतीवरून येताना तिच्यासाठी पक्का दोरा आणायचा, हाताला येईल अशी सुई शोधून आणायचा. सुई हातात घेतली की तिला आपलीच लाज वाटायची.

या वर्षी तिने ठरवलं, जिथे चुकले तिथेच जाऊन सांगून टाकायचं.

"तिथे कशाला?" तो म्हणाला होता. "दमट हवा, तुला दमा. त्यापेक्षा कुठेतरी तळ्याकाठी जाऊ."

"मी बघितलेलं नाही ना ते शहर."

"मी तरी कुठे बघितलंय?"

त्यावर तिला त्याच्या नजरेला नजर देता आली नव्हती.

आता मोठा रस्ता सोडून तो एका बोळात वळला. "इकडून जाऊ. गर्दी कमी असते." बोळ संपला तिथे पायऱ्या लागल्या आणि त्या थेट किल्ल्याच्या तटावर निघाल्या. वाटेत ती तेव्हा उतरली होती ते निळ्या झडपांचं गेस्टहाउस लागलं, तशी ती नवऱ्याच्या पलीकडच्या बाजूला सरकली. मालकीण दारात नव्हती. तिने सुटकेचा श्वास सोडला.

तटावर दोघं टेकली. खाली होड्या ओढून ठेवल्या होत्या. मागे डोंगरावर ढगांची सावली सरकत होती.

"मला काहीतरी सांगायचंय," ती म्हणाली. "संपेपर्यंत मध्ये बोलू नका."

आणि तिने सगळं सांगितलं. गेस्टहाउस, वरची खोली, मावशीची थाप. काही हातचं राखलं नाही. तो समुद्राकडे बघत राहिला.

"किती वर्षं झाली म्हणालीस?"

"अकरा."

"आणि एवढी वर्षं एकटीच कुढत राहिलीस?"

"रागवा ना हो माझ्यावर. चार शब्द तरी बोला."

"मी कोण रागावणारा?" त्याचा आवाज फाटला. टोपी काढून त्याने तीच तोंडावर दाबली आणि तो हुंदके द्यायला लागला. तेवीस वर्षांच्या संसारात तिने त्याला असं रडताना कधी पाहिलं नव्हतं. ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. असल्या देवमाणसाला आपण फसवलं. सांगितल्यावर ओझं उतरेल असं तिला वाटलं होतं. ते दुपटीने वाढलं.

बऱ्याच वेळाने त्याने डोळे पुसले. टोपी त्याने खिशात कोंबली.

"चल, आजच परत जाऊ. मला इथे थांबवत नाही."

"हो," ती म्हणाली. कोणत्या तोंडाने नाही म्हणणार?

पायऱ्या उतरून बोळात आली, तोच तिच्या चपलेचा पट्टा तुटला. समोरच मोच्याचं दुकान होतं.

"राहू दे. स्टेशनवर नवीन घेऊ," तो घाईने म्हणाला.

"तिथपर्यंत काय अनवाणी येऊ? दोन टाक्यांचं तर काम आहे." ती लंगडत दुकानात शिरली. तो बाहेरच थांबला, रस्त्याकडे तोंड करून.

म्हाताऱ्या मोच्याने चप्पल उलटीसुलटी करून पाहिली, सुईत दोरा ओवला. मग त्याची नजर दाराकडे गेली आणि चेहरा खुलला.

"अहो साहेब, परक्यासारखे बाहेर काय उभे? आत या की!" मागच्या फळीवरून त्याने लहान मुलीचे तपकिरी बूट काढले आणि फळकुटावर ठेवले. "बरं झालं आलात. धाकटीचे बूट तयार आहेत. वहिनी कालच विचारून गेल्या."

मग त्याने हसून तिच्याकडे पाहिलं.

"आणि या ताई कोण, पाहुण्या का?"