सुकदेवचं पान

पुस्तक छापून आल्यापासून कुंदनला शिंगं फुटली, असं सखुबाईंचं स्पष्ट मत होतं.

सुनेचं कौतुक त्यांना कमी नव्हतं. कोणी विचारो न विचारो, "आमच्या कुंदननं पुस्तक लिहिलं" हे त्या लिंबायत वस्तीतल्या भाजीवालीलासुद्धा ऐकवायच्या. एकुलता एक मुलगा धुडकू कावीळ होऊन गेला, तेव्हापासून घरात सासू आणि सून दोघीच. सुनेनं लिहिलं आणि सासूनं मिरवलं, यात गैर काय? पण ज्याच्या जिवावर पुस्तक लिहिलं, त्या सुकदेवशी असं वागायचं?

सुकदेव म्हणजे वरच्या खोलीतला भाडेकरू, कापड विणायचे लूम दुरुस्त करणारा मास्टर. कारखान्यातलं सगळं त्यानंच कुंदनला सांगितलं होतं. म्हणून तिनं पुस्तकातल्या मास्टरला त्याचंच नाव दिलं. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात ते नाव तिनं माइकवर खणखणीत वाचलं, तेव्हा मागच्या रांगेत सुकदेव लाजून अर्धा झाला होता.

दिवाळीपासून मात्र काहीतरी बिनसलं. "सुकदेवभाऊ, चहा घ्या" म्हणणारी कुंदन आता कप ओट्यावर ठेवायची आणि मुकाट्यानं आत जायची. तोही खालमानेनं चहा प्यायचा आणि जिना चढायचा.

"भांडलात का गं?"

"नाही, आई."

"मग?"

"काही नाही."

आणि आज तर हद्द झाली.

पुण्याहून प्रियांका नावाची मुलगी आली होती, आवाज भरायचं यंत्र घेऊन. इंटरनेटवर एक वाचनालय निघालं होतं म्हणे. तिथं पुस्तकं नाही, आवाज ठेवतात. लेखकानं आपल्या पुस्तकातलं पान आपणच वाचायचं, मग अमेरिकेतला माणूससुद्धा ते कॉम्प्युटरवर ऐकतो. सखुबाईंना यातलं अर्धं कळलं, पण तेवढं पुरे होतं. सगळ्या लिंबायतमधून पहिली त्यांची सून! समोरच्या कारखान्याच्या शेठला त्यांनी स्वतः जाऊन दम भरला, "जेवणाच्या सुट्टीत एकही लूम चालता कामा नये. माझ्या सुनेचा आवाज जगात जायचाय."

"भले, मासी," गुजराती शेठ हसला. "पण सुट्टी संपली की चालू हां."

गल्ली कधी नव्हे ती गप्प होती. कुंदननं वाचायला घेतलं.

"पट्टा तुटला तेव्हा सगळे मागे सरले. त्यांनी मात्र हात पुढे घातला..."

"ताई," प्रियांकानं यंत्र थांबवलं, "इथं 'सुकदेवनं मात्र हात पुढे घातला' असं आहे. छापलंय तसंच वाचा, नाहीतर आमच्याकडे घेणार नाहीत."

कुंदन घोटभर पाणी प्यायली. पुन्हा वाचलं. पुन्हा "त्यांनी".

सखुबाई दुसरीपर्यंतच शिकलेल्या, पण हे पान ऐकून ऐकून त्यांना पाठ होतं. त्यांच्या तोंडाचा पट्टा सुटला.

"एवढा माज? त्याचं नावसुद्धा तोंडात नको? मागच्या साली मी तापानं फणफणले, तेव्हा पाठीवर घालून दवाखान्यात कोणी नेलं? तुझ्या पुस्तकानं?"

"आई, तसं नाही हो."

"मग कसं? धुडकू गेला, तेव्हा तुझे भाऊ आले होते दुसरीकडे पाट लावून द्यायला. मी त्यांना दारातूनच हाकललं. म्हटलं, कुंदन कुठं जायची नाही, माझ्याजवळ राहील, शिकेल. ते काय यासाठी? गरिबाला तुच्छ लेखायला?"

सखुबाईंनी जिन्याखाली जाऊन हाक मारली, "ए सुकदेव! खाली ये. आत्ताच्या आत्ता."

सुकदेव आला. हाताला ऑइल, कानामागे पेन्सिल.

"बस इथं, हिच्यासमोर. बघू तुझ्या तोंडावर कशी गाळते ते."

तो बसला आणि कुंदनचा होता तोही आवाज गेला. पदर सारखा करून तिनं पान धरलं. पट्टा तुटला, सगळे मागे सरले, आणि ती थांबली. बाहेर कारागीर नळावर डबे विसळत होते. प्रियांकानं घड्याळ पाहिलं.

"आता नाही झालं तर राहूनच जाईल, ताई. संध्याकाळी माझी गाडी आहे."

"नावाचं राहू द्या ना," सुकदेव फरशीकडे बघत म्हणाला. "दुसरं पान वाचलं तर चालणार नाही का?"

"तू गप! या पानावर पुस्तक उभं आहे," सखुबाई म्हणाल्या. "म्हण, कुंदन. चार अक्षरं आहेत, चावत नाहीत तुला."

कुंदननं तोंड उघडलं. समोर पाहिलं. कानापर्यंत लाल झाली आणि तोंड मिटलं. सुकदेवनं खाली बघता बघता हसू दाबलं.

सखुबाईंनी सुनेकडे पाहिलं. मग सुकदेवकडे. मग परत सुनेकडे. बोलायला उघडलेलं तोंड त्यांनी बंद केलं. असं या घरात आजवर झालं नव्हतं.

"पोरी," शेवटी त्या प्रियांकाला म्हणाल्या, "यंत्र चालू कर. ती वाचते तसंच घे. तुझ्या वाचनालयाला सांग, चूक छापणाऱ्याची आहे."

"पण आजी..."

"घे म्हणते ना!"

मग त्या कुंदनकडे वळल्या. डोळे पाणावले होते, आवाज मात्र नेहमीचाच, अख्ख्या गल्लीला ऐकू जाणारा.

"आणि तू गं! नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं, हे बरं लक्षात राहिलं. लग्नाला सासूला बोलवायचं असतं, ते नाही राहिलं?"