तळचं कढण

फडताळातले दोन पांढरे वाडगे आईनं खाली काढले, तेव्हाच चिमटी काय ते समजली. ते वाडगे गिऱ्हाइकांसाठी नव्हते. मावशीच्या वेळेनंतर त्यांना कुणी हात लावला नव्हता.

"कानामागे काय लागलंय?" आईनं विचारलं.

"कुठं काय?"

आईनं तिच्या कानामागून अंगठा फिरवला आणि तिच्या डोळ्यांसमोर धरला. काळाकुट्ट. "ही आपल्या चुलीची राख नाही. ही धुराड्यातली काजळी आहे. आणि धुराड्यात आपल्या घरातलं कुणी हात घालत नाही."

चोर मुद्देमालासकट सापडला होता.

खानावळीची ती चूल पणजीच्या पणजीनं पेटवली, ती अजून विझली नव्हती. तिच्यावरचा हंडाही कधी रिकामा झाला नव्हता. वरचं कढण गिऱ्हाइकांना वाढायचं, हाडं, भाज्या, पाणी घालून हंडा पुन्हा भरायचा, असं पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं. आता धुराडं साफ करायचं तर आधी चूल विझवावी लागते. म्हणून धुराडी साफ करणाऱ्याला या घरात कुणी पाण्यालाही विचारत नसे. आणि चिमटीचा जीव जडला तो नेमका त्याच्यावर. छपरावर टोमॅटो वाळत घालायला गेली, शेजारच्या धुराड्यावर तो होता, आणि तिथंच जमलं.

वरचं कढण पिऊन माणसं बारीकसारीक विसरत. कुणी छत्री विसरे, कुणी सकाळचं भांडण. दाराशी छत्र्यांचा ढीग साचलेला असे, आणि गर्दी असे ती भांडणं विसरायला आलेल्यांची. तळच्या कढणाची गोष्ट वेगळी. ते प्यायलं की ज्याच्यावर सगळ्यात जास्त जीव, ते माणूस मनातून पुसलं जातं. बाकी सगळं जिथल्या तिथं राहतं.

मावशीला पाजलं तेव्हा चिमटी लहान होती. मावशीला परगावी नेऊ म्हणणारा घड्याळजी त्यानंतरही रोज जेवायला येई. मावशी रोज हसून म्हणे, "नवीन दिसता. बसा, काय वाढू?" तो मुकाट्यानं जेवून जाई. पुढे तो यायचा थांबला, तेही मावशीच्या लक्षात आलं नाही. चिमटीच्या मात्र ते हसू आजही अंगावर काटा आणी.

"आई, नको ना," ती म्हणाली.

"दुखत नाही काही. मीसुद्धा प्यायलेय म्हणतात."

"कुणासाठी?"

"ते आठवलं असतं तर मग काय!" आई चुलीकडे बघत राहिली. "नंतर तुझे बाबा आले. झालाच की संसार. तुझाही होईल."

तिनं ओगराळं न ढवळता हंड्याच्या तळापर्यंत सोडलं. तळचा वाडगा चिमटीचा, वरचा आईचा. पाजणाऱ्यानं सोबत प्यायचं, ही घरची रीतच होती. वरच्या कढणावर पिवळा तवंग होता, तळच्यावर नव्हता. तेवढाच काय तो फरक.

मागच्या दाराशी तो शिडी घेऊन उभा असणार. खानावळ उघडायच्या आत दोघांनी निघून जायचं ठरलं होतं. आणि आता दार उघडल्यावर तिनं त्यालाच विचारायचं, नवीन दिसता?

"आधी हे खा. रिकाम्या पोटी नको." आईनं पाव मोडला. मधला मऊ भाग तिच्यापुढे टाकला, करपलेली कड स्वतःला घेतली. "आणि रडणं बंद कर. कढण खारट होईल."

अशी ही आई. तिनं कधी पाठीवरून हात फिरवल्याचं चिमटीला आठवत नव्हतं. जन्मली ती मिठाच्या चिमटीएवढी, म्हणून आईनंच हे नाव ठेवलं. झाले तेवढेच लाड. बाबा गेल्यापासून तर आई फक्त हंड्याशी बोले, नाहीतर खिळ्यावर टांगलेल्या त्यांच्या लाकडी पळीशी.

आई चुलीत लाकूड सारायला वाकली.

चिमटीनं चमच्यानं तवंग उचलून तळच्या कढणावर सोडला आणि वाडग्यांची अदलाबदल केली. आईचं काय होईल? विसरलीच तर बाबांना विसरेल, तिनं स्वतःला समजावलं. सुटेल बिचारी.

दोघी प्यायल्या. आईनं एका दमात वाडगा रिकामा केला. चिमटीनं डोळे मिटून त्याला आठवून पाहिलं. काळे हात, भुवईवरचा व्रण, शिडी चढतानाची शीळ. सगळा जागच्या जागी होता.

आई उठली. खिळ्यावरची पळी काढून तिनं फडक्यानं पुसली. "ह्यांचा हात फार सढळ," ती पुटपुटली. "वाढायला उभे राहिले की हंडा निम्म्यावर यायचा."

म्हणजे बाबा होते. काहीच झालं नव्हतं. इतकी वर्षं पाणी घालून घालून कढणाचा गुणच उतरला असणार, आणि आपण उगाच जिवाचं पाणी करत बसलो. चिमटीच्या छातीवरचा धोंडा उतरला. तिला हसू आलं आणि रडूही. अशी चोरासारखी कशाला जाऊ, सांगूनच जाते, तिला वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा तिला आईच्या गळ्यात पडावंसं वाटलं.

"आई," तिनं हाक मारली.

आईनं दाराकडे पाहिलं. मग इकडे वळली, फडक्याला हात पुसले आणि हसली.

"नवीन दिसता," ती म्हणाली. "बसा, काय वाढू?"