जांभळा घट

पाचव्या माळेला घटातले कोंब जांभळे झाले. "देवीनं रंग बदलला बघ," केसरबाई हात जोडून सुनेला म्हणाल्या.

रेवती घटाजवळ वाकून कोंब निरखू लागली. घरची जुनी ज्वारी संपली म्हणून तिनं पेरणीतून उरलेलं नवं बियाणं घटात टाकलं होतं. पाण्यात विष असलं की हे वाण जांभळं पडतं. प्रयोगशाळेत ते त्यासाठीच घडवलं होतं.

ती तडक शेतात गेली. तिथं तीच ज्वारी हिरवीगार उभी होती. घटातली मातीही तिथलीच होती. फरक फक्त पाण्याचा होता. शेताला कालव्याचं, घटाला घरच्या बोअरचं.

रेवती पळतच घरी आली. सासूबाई देवीपुढे बसल्या होत्या. नऊ दिवस त्या फक्त पाण्यावर राहायच्या. त्यांचे हात कालपासून थरथरत होते आणि घरातले सगळे त्याला उपासाचा अशक्तपणा म्हणत होते.

"आत्या, तो तांब्या खाली ठेवा."

केसरबाईंनी रिकामा तांब्या उपडा करून दाखवला. "सकाळपासून हा तिसरा. घशाची कोरड काही जात नाही बघ. अजून एक भरून आण."