पाणी कुठून येतं

बोट काठावर ओढली तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. इनायतुल्ला मिस्त्रीने बारदानाने तिचा तळ बाहेरून कोरडा केला, त्यावर चुना फासला आणि तो वाळेपर्यंत बिडी ओढत बसला. मग त्याने आणि बोटवाल्या जानरावने बादल्यांनी बोटीत आतून पाणी भरलं. मिस्त्रीने त्यात धुण्याची नीळ कालवली.

"आता जथी फुटली असन, तथी चुन्यावर निळा थेंब दिसन," तो म्हणाला.

"दिसाचं काय हाये त्यात? सहदेवनं भोक पाडलं, दुसरं काय," जानराव म्हणाला.

धरणापलीकडच्या दोन वस्त्यांतली माणसं जानरावच्या या जुन्या बोटीने ये-जा करायची. पंधरा दिवसांपूर्वी बोटीच्या पंख्यात सहदेव भोयाचं जाळं अडकून फाटलं होतं. "तुही बोटच बुडवतो मी," असं तो चारचौघांत ओरडला होता. आणि आता आठ दिवसांपासून रोज संध्याकाळी बोटीत पाणी भरत होतं, थेट इंजिनच्या चाकापर्यंत. उपसता उपसता अंधार पडायचा.

जानरावचा संशय एकट्या सहदेववर नव्हता. पंख्याच्या दांड्याजवळचं पॅकिंग इनायतुल्लानेच महिन्याभरापूर्वी बदललं होतं. मिस्त्रीने काम बिघडवलं, असंही जानराव फाट्यावर बोलून आला होता. ते तेल्हाऱ्यापर्यंत, मिस्त्रीच्या गावापर्यंत पोचलं, म्हणून तर मिस्त्री न बोलावता आला होता.

एक तास गेला. मिस्त्री बॅटरी घेऊन बोटीखाली आडवा झाला. दांड्याजवळ हाताचं बोट फिरवलं. कोरडं. सांधे पाहिले, तळाचं बूच पाहिलं. चुना पांढराच्या पांढरा होता.

तो बाहेर आला आणि कपडे न झटकताच खाली बसला.

"दिवसा येते का पाणी?"

"नाई. दिवसभर कोरडी. पाचची फेरी झाली का मी बोट बांधतो अन् फाट्यावर चहा प्याले जातो. वापस येतो तं पाणी."

"पाचचीच शेवटची फेरी ना?"

"हो."

"मंग वापस काहून येता?"

जानरावने धरणाकडे पाहिलं. "असाच. एक चक्कर मारतो मधात."

"एकटेच?"

"तुमी पाणी पाहाले आले का मले?"

मिस्त्रीने उठून कपडे झटकले. मग बोटीच्या कडेवर हात ठेवला.

"बोट फुटली नाई, जानरावभाऊ. चालली तं कोरडी, उभी राहिली तं ओली, अन् तेबी फक्त सांजच्याले. अशी कोनती बोट नाई फुटत. हे पानी खालून आलंच नाई. कोन्तरी वरून भरलं."

जानराव उठला. बोटीतलं वल्हं त्याने उचललं आणि काठाकाठाने निघाला. पुढे बाभळीखाली सहदेव जाळं विणत बसला होता.

तेवढ्यात आशाबाई भाकरीचं टोपलं घेऊन उतारावरून आली. नवऱ्याच्या हातातलं वल्हं पाहून ती वाटेतच उभी राहिली.

"त्याले हात लावू नका," ती म्हणाली. "म्या भरलं."

जानरावला ते कळलंच नाही. "काय भरलं?"

"पाणी. तुमी फाट्यावर गेले का मी येतो. चवदा घागरी लागतात."

तिने टोपलं खाली ठेवलं. हात पदराला पुसले.

"काहून?" जानरावचा आवाज चढला. "येडी झाली का तू? आठ दिवस झाले, मी लोकायच्या नावानं..."

"मधात जाऊन मशीन बंद करता तुमी. काठावरून मले दिसते. तासतास बोट हालत नाई. पाणी भरलं असलं तं जात नाई तुमी."

"नुसता बसतो मी तथी."

"महादेवदादाबी नुसतेच बसाले जात होते वावरात," आशाबाई म्हणाली. "मंग चौघांनं खाटेवर आणलं त्यायले."

महादेवराव जानरावचा थोरला भाऊ. त्याने वावरात जीव दिला, त्याला तीन महिने झाले होते. वल्हं जानरावच्या हातात तसंच होतं, पण आता त्याने ते जमिनीवर टेकवलं होतं.

इनायतुल्लाने मान फिरवली. तळाचं बूच उघडून त्याने निळं पाणी जाऊ दिलं आणि पुन्हा घट्ट बसवलं. मग त्याने मोठ्याने हाक मारली, "ए सहदेव! जरा हात लाव रे. बोट पाण्यात ढकलाची हाये."

सहदेव आला. आपल्यावर काय आळ होता ते त्याने विचारलं नाही, जानरावने सांगितलं नाही. तिघांनी खांदे लावले. बोट चिखलातून सरकली आणि पाण्यावर डुलायला लागली. जानरावने तिचा दोर खुंट्याला बांधला.

पलीकडच्या काठावर दोन बाया आणि एक म्हातारा केव्हाचे थांबले होते. जानराव बोटीत चढला आणि इंजिनचं हँडल त्याने हातात घेतलं.

आशाबाई गुडघाभर पाण्यात उतरली. इतक्या वर्षांत ती या बोटीत कधी बसली नव्हती. तिला पाण्याची भीती वाटायची. कड दोन्ही हातांनी धरून ती कशीबशी आत आली आणि फळीवर अंग चोरून बसली.

"चाला," ती म्हणाली. "काय पायता तुमी तथी मधात, मलेबी दाखवा."

जानराव हँडल घेऊन उभा राहिला. मग ते त्याने खाली ठेवलं आणि तिच्या शेजारी बसला. पलीकडून म्हाताऱ्याने दोनदा हाक दिली. काठावरून इनायतुल्लाला त्या दोघांच्या फक्त पाठी दिसत होत्या. त्यातली एक गदगदत होती, आणि ती आशाबाईची नव्हती.