सायलेन्सरसमोरचा कागद

धुरावरून बिघाड ओळखलास तर माझी जुनी स्कूटर तुझी, असं मी नातीला, शिवकन्येला, सांगितलं होतं. पोखर्णीहून परभणीच्या कॉलेजात तिला आजच ती न्यायची होती. पोरगी नुसती नाचत होती.

मी किक मारली.

"आबा, धूर निळा हाय! पेट्रोलमधी ऑइल जास्त झालंय!"

"शाब्बास! आता मागं सायलेन्सरसमोर कागद धर. काळे शिंतोडे पडले, तर ऑइल जळत न्हाई."

कागदावर शिंतोडे पडले. बोटांची टोकं टेकवावीत, तसे.

"तुमीच हात लावला असंल," ती हसली.

मी टाकी रिकामी केली, ऑइल मापात घालून नवं पेट्रोल भरलं आणि पुन्हा किक मारली. धूर विरळ झाला. दुसऱ्या कागदावर मात्र अख्खा पंजा उमटला.

"लय भारी! अजून एक!"

मी गाडी बंद केली. स्पार्क प्लग काढून खिशात टाकला.

"आज एसटीनं जा, बाळा. ऊठ तिथनं."

ती सायलेन्सरपाशी वाकली होती. तिसरा कागद आत ओढला जात होता.

"सोड तो कागद!"

"कागद कवाच सोडलाय, आबा," ती आनंदानं म्हणाली. "आता आतनं माझं बोट धरलंय."