काशीराजाचा मुकुट

सर्जेरावांच्या डोक्यावर मुकुट चढला आणि सविताबाईंनी दारातून लेकीला खूण केली. आता मुकुट उतरेपर्यंत हा माणूस घरचा चकार शब्द काढणार नव्हता. खुटबावच्या जत्रेतल्या नाटकात सर्जेराव दर साली काशीचे राजे होत, आणि राजानं घरादाराचं बोलायचं नाही हा त्यांचा स्वतःचाच नेम. मागच्या साली तालमीत शेतातली मोटर जळाल्याचा निरोप आला, तर ‘प्रधानजी, पाहून घ्या’ म्हणून मोकळे झाले होते.

तेजश्री शाळेतल्या तालमीच्या खोलीत शिरली. तिच्यामागं इस्त्रीच्या शर्टातला दुर्गेश. दोघं रांजणगावच्या एकाच कंपनीत. त्याचं नाव काढलं की सर्जेराव ‘परक्या मुलखातलं पोरगं नको’ म्हणून ताटावरून उठत. तिला बापाला दुखवून लग्न करायचं नव्हतं, आणि दुर्गेशला सोडून दुसऱ्याशी तर मुळीच नव्हतं.

नाटकाचे कपडे-मुकुट पुरवणारा ड्रेपरीवाला म्हस्कू सर्जेरावांना मिशी चिकटवत होता, त्याचा हात थांबला.

सर्जेरावांनी डोक्यावरचा मुकुट चाचपला. मग राजाच्या आवाजात विचारलं, “कोण हा? कोणत्या राज्याचा?”

“काशीचा, महाराज,” दुर्गेश म्हणाला. “जन्म तिथलाच. आजोबा-पणजोबाही तिथलेच.”

राजकन्या अंबा झालेला गोकुळ पदर सावरत पुढं सरकला. सर्जेरावांची तर पंचाईतच झाली. खुटबावच्या बागायतदाराला हा पोरगा परका होता. काशीच्या राजाला काशीचाच माणूस परका कसा म्हणता येईल?

त्यांनी आवाज जरा खाली आणला. “नगरी कशी आहे आमची? आम्ही अजून पाहिली नाही.”

“गर्दी फार झालीय, महाराज. रस्ते सारखे खोदलेले. पण सकाळी घाटावर बसलं की बरं वाटतं. तुम्ही या एकदा. मी नेतो.”

पोरगा सर्जेरावांना आवडला, आणि त्याचाच त्यांना राग आला.

“महाराज,” तेजश्री म्हणाली, “नाटकात अंबेचं स्वयंवर दर साली तुम्हीच मांडता. निवड कुणाची असते?”

“कन्येची,” सर्जेराव म्हणाले. पाठ केलेलं वाक्य, सवयीनं गेलं तोंडातून. दारात सविताबाईंनी पदर तोंडाला लावला.

तालीम संपली. म्हस्कू पेटी उघडून उभा राहिला. “आप्पा, मुकुट द्या. रातच्या खेळाला घाला परत.”

सर्जेराव दुर्गेशला घेऊन जेवायला घराकडं निघाले होते. मुकुट जरा कलला होता, तो त्यांनी दोन्ही हातांनी दाबून बसवला.

“साखरपुडा होईस्तोवर ऱ्हाऊ दे डोक्यावर,” ते म्हणाले. “उतरला की सर्जेराव बोलाय लागंल.”