बाईंचं बोट

ड्रायव्हर निर्दोष सुटला. पण ते सोडा. असं काही झालंच नाही असं धरून चाला. वकीलसाहेबही गेला आठवडाभर तसंच धरून चालले होते.

मेहुण्याचा अभिनंदनाचा फोन त्यांनी उचलला नाही. कोर्टात कुणी पाठ थोपटायला हात उचलला, की ते जिन्याकडे सटकत.

"जिंकलात ना? मग तोंड एरंडेल प्यायल्यासारखं का?" बायकोने विचारलं.

"दिवाणीची कामं साचलीत."

ही सबब वीस वर्षं टिकली होती. साहेब सकाळी दिवाणी करत, दुपारी फौजदारी. दिवाणीत अशील म्हातारे होतात आणि फौजदारीत वकील, असं ते स्वतःच म्हणत.

प्रकरण साधं होतं. मेहुण्याच्या गाडीने संध्याकाळी एका सायकलवरच्या पोस्टमनला उडवलं, त्याचा पाय मोडला, आणि गाडी न थांबता निघून गेली. पोलिसांनी मेहुण्याच्या ड्रायव्हरला धरलं. घरचंच काम, म्हणून साहेबांनी फी न घेता वकीलपत्र घेतलं. पाहणारं माणूस एकच: समोरच्या घराच्या पायरीवर बसलेल्या निवृत्त शिक्षिकाबाई.

कोर्टात सरकारी वकिलांनी बाईंना विचारलं, "गाडी चालवणारा इसम इथे आहे का? दाखवा."

बाईंनी चष्मा पुसला, नीट लावला आणि बोट दाखवलं. आरोपीच्या पिंजऱ्याकडे नव्हे, पिंजऱ्याला टेकून उभ्या असलेल्या वकीलसाहेबांकडे.

सगळं कोर्ट हसलं. जज्जसाहेबांनी खोकल्याचा आधार घेतला.

"कोर्टाची परवानगी असेल, तर मी आत जाऊन उभा राहतो," साहेब म्हणाले. "माझ्या अशिलाला थोडं बसू द्या, बिचारा केव्हाचा उभा आहे."

मग त्यांनी तासभर बाईंना सोललं. वय किती, चष्म्याचा नंबर किती, काल काय जेवलात. शेवटी बाईच पुटपुटल्या, "माझंच चुकलं असेल." तिथे खटला संपला.

आणि आज त्याच बाई साहेबांच्या ऑफिसात, खुर्चीच्या टोकावर बसल्या होत्या.

"माफी मागायला आले," त्या म्हणाल्या. "भल्या माणसाकडे बोट दाखवलं मी, भर कोर्टात."

"अहो बाई, असू द्या."

"असू कसं द्या? भाजीवाला आता सुट्टे देताना सांगतो, 'बाई, मी भाजीवाला हं, वकील नाही.' खालच्या मजल्यावरची रोज स्वतःचं नाव सांगून मग बोलते."

कारकून टाइपरायटरमागे फिसकन हसला. साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं, तसा तो कार्बन पेपर शोधू लागला.

"हसू दे हो त्याला. मीही हसले असते," बाई म्हणाल्या. "पण रविवारी मुलगा येतोय. वृद्धाश्रमात खोली बघितलीय त्याने. म्हणतो, आई, कोर्टानेच सांगितलंय, आता तू एकटी राहायची नाहीस."

"कोर्टाने असं काही सांगितलेलं नाही."

"तुम्ही सांगितलंत ना. तुम्ही बोलता तेव्हा खरंच वाटतं. मलासुद्धा. परवा आरशात बघितलं, तर वाटलं, ही मीच ना? वकीलसाहेब, चाळीस वर्षं मी मुलं नुसत्या पाठीवरून ओळखली. ते सगळं खोटं होतं का?"

साहेबांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिताच ठेवला.

"तुम्ही दिवाणीही करता ना?" बाईंनी विचारलं. "मग मी शहाणी आहे असं कोर्टाकडून लिहून आणता येईल? रविवारच्या आत?"

दिवाणीत रविवारच्या आत फक्त शनिवार येतो, हे साहेबांना ठाऊक होतं. तरी ते म्हणाले, "दावा लावू. फी नाही."

"का बरं? माझ्यावर उपकार कशाला?"

"उपकार नाहीत हो."

त्यांनी कारकुनाला कागद चढवायला सांगितलं आणि उभं राहून मजकूर सांगायला सुरुवात केली. वादीचं वय, शिक्षण, नोकरी, डोळ्यांच्या डॉक्टरांचा दाखला. आवाज नेहमीसारखाच खणखणीत होता. बाई मान डोलावत ऐकत होत्या, एखादं पोर धडा बिनचूक म्हणतंय तशा.

"आता विनंतीचा परिच्छेद, साहेब," कारकून म्हणाला. "वादीस मानसिक दृष्ट्या सक्षम जाहीर करावे, नेहमीचंच टाकू?"

"नको. मी सांगतो तसं घे." साहेब खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. "तरी वादी यांनी साक्षीच्या वेळी काळा कोट घातलेल्या ज्या इसमाकडे बोट दाखविले, तोच इसम त्या सायंकाळी मेहुण्याची गाडी चालवीत होता, सबब वादी यांची नजर व स्मरणशक्ती उत्तम आहे, असे जाहीर व्हावे, आणि सदर इसमास आपली वकिली पूर्ववत चालू ठेवण्याची मुभा असावी, ही नम्र विनंती."